पत्ती तीच, पाणी वेगळं

थोरल्या बाईंनी नोकरीतला शेवटचा घोट सुर्रकन ओढला, गालात इकडून तिकडे खळखळवला, पिकदाणीत थुंकला आणि निकाल दिला, “ओलं पोतं.”

धाकट्या बाईंचा चेहरा पडला. निरोपाच्या दिवशी तरी बाईंचा शेवटचा पेला चांगला निघावा म्हणून हा ओल लागलेला नमुना त्यांनी मुद्दाम ओळीत पहिला मांडला होता. पण बाईंना नेमकी आजच लहर आली आणि त्यांनी उलट्या टोकाकडून सुरुवात केली.

“बाई, तो मधला परत एकदा घ्या ना. जाताना तोंडाला चव राहील.”

“चव राहायला मी काय पाहुणी आले आहे?” थोरल्या बाईंनी ॲप्रनची गाठ सोडली. “लिही तू. ओलं पोतं. गोदामाचं छप्पर गळतंय म्हणावं त्यांचं.”

चहा चाखायचं हे खातं. मळ्यामळ्यांतून पत्तीचे नमुने यायचे, किटलीवाले काका पाणी उकळायचे, पांढऱ्या पेल्यांची ओळ लागायची आणि थोरल्या बाई त्या ओळीवरून एक घोट, एक शब्द अशा पुढे सरकायच्या. त्या एका शब्दावर मळेवाल्यांचा भाव ठरायचा. नाक आणि जीभ हीच इथली यंत्रं. म्हणून या खात्यात माणसाला स्वतःचा असा कसलाही वास असायला परवानगी नव्हती. सेंट नाही, पावडर नाही, डोक्याला तेल नाही, केसांत फूल नाही. साबणसुद्धा असा की आंघोळ झाली की राहिली हे अंगालाही कळू नये.

रोज सकाळी थोरल्या बाई दारात उभ्या राहायच्या. “मान इकडे.” आलेल्याने मान वाकवायची, बाईंनी एकदा हुंगायचं, मगच आत. हिशेबनिसाचं नवं लग्न झालं तेव्हा त्याला सलग तीन दिवस दारातूनच घरी पाठवलं होतं. त्याच्या बायकोला वाटलं, प्रेमापोटी रजा काढतोय. तिला खरं कारण कळलं तेव्हा ती त्याच्यापेक्षा बाईंवर जास्त चिडली. आत्ताचे साहेब अकरा वर्षांपूर्वी नव्या सुटात, दाढीनंतरचं काहीतरी गालाला चोपडून रुजू व्हायला आले, तर त्यांनाही बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं, “आंघोळ करून या.” साहेब आंघोळ करून आले, पण तो दिवस विसरले नाहीत. बाईंनी खिडकी उघडली की साहेबांना वारा बाधायचा. साहेब बोलायला उभे राहिले की बाई मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघायच्या, चालू आहे ना म्हणून.

दुसरा नियम शब्दांचा. पेल्यात जे असेल ते बोलायचं. गवत, धूर, लोखंड, काय असेल ते. “छान” या शब्दाला बंदी होती. धाकट्या बाई नव्या असताना एकदा बोलून गेल्या होत्या. “छान?” थोरल्या बाई म्हणाल्या, “छान हा काय वास असतो? तो घरी पाहुण्यांना सांगायचा. इथे काय आहे ते सांग.” पुढे वीसेक वर्षांत धाकट्या बाईंनी तो शब्द कामावर उच्चारला नाही आणि हळूहळू घरीही उच्चारेनाशा झाल्या. त्यामुळे त्यांच्या घरी पाहुणे कमी यायचे.

अशा या थोरल्या बाईंच्या मनात एक निळी बाटली होती. जेवणाच्या सुट्टीत, डब्याचं झाकण लावता लावता, वर्षातून दोन-तीनदा तरी ती बाहेर निघायची.

“मुलाखतीच्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. काय वास होता गं तिला! आधी संत्र्याचं साल. सोलताना बोटांना लागतं ना, तेवढंच. मग उन्हात वाळलेली चादर. आणि अगदी शेवटी, तान्ह्या बाळाची टाळू. मी विचारलं तर पर्समधून निळी बाटली काढून दाखवली. माझे हात गार पडले होते, तर माझा हात हातात घेऊन बसली.”

“मग?” हे धाकट्या बाईंनी विचारायचं, असं ठरूनच गेलं होतं.

“मग काय. त्याच वासापायी तिला दारातून घालवलं. नाक माझ्यापेक्षा तिचं चांगलं होतं हो. आत कुठला चहा उकळतोय ते तिने बाकावर बसून सांगितलं होतं मला. आणि नोकरी लागली मला.” बाई इथे डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून बघायच्या. “रिटायर होईन ना, त्याच दिवशी ती बाटली घेईन. मानेपासून मनगटापर्यंत लावीन आणि ह्या हिशेबनिसाच्या नाकासमोरून चालत जाईन.”

“सुट्टीत लावून बघा की एकदा.”

“सुट्टीतला वास सोमवारी उतरत नाही. आणि दुसऱ्याची मान हुंगणाऱ्याची स्वतःची मान कोरी लागते.”

तेव्हा निरोपाला काय द्यायचं, यावर खात्यात चर्चाच झाली नाही. धाकट्या बाई हिशेबनिसाला घेऊन दुकानात गेल्या. निळी बाटली अजून निघत होती, आकारसुद्धा तोच. दुकानातल्या मुलीने कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून पुढे केला. दोघांनी आळीपाळीने, डोळे मिटून, कामावर घेतात तसा वास घेतला.

“साल,” धाकट्या बाई म्हणाल्या.

“चादर,” हिशेबनीस म्हणाला. त्याला एवढं कळल्याचा त्यालाच धक्का बसला.

“मॅडम, हातावर लावून बघा ना,” मुलगी म्हणाली. “कागदावर वेगळं येतं.”

दोघांनी हात असे मागे घेतले की जणू तिने निखारा पुढे केला होता. दुसऱ्या दिवशी कामाचा वार होता. “आम्हाला कागदावर कळतं,” धाकट्या बाई जरा ताठ्यातच म्हणाल्या. “आमचा धंदाच आहे तो.” हे वाक्य पुढे त्यांना बरेच दिवस झोपू देणार नव्हतं.

निरोप खालच्या पॅकिंगच्या हॉलमध्ये ठेवला होता, कारण बाटली वर चाखायच्या खोलीत नेणं शक्य नव्हतं. टेबलावर फुलदाणी होती, तीत कागदाची फुलं. पॅकिंगच्या बायका मागच्या खुर्च्यांवर येऊन बसत होत्या. साहेब अजून वर आपल्या खोलीत भाषणाचं आणखी एक पान वाढवत होते.

थोरल्या बाईंनी कागद सोडला. निळा रंग दिसला आणि त्या खाली बसल्या. थोडा वेळ बाटली नुसती हातात धरून ठेवली.

“हीच गं,” त्या म्हणाल्या. “हिचं टोपणसुद्धा असंच होतं.”

“लावा ना, बाई.”

“साहेबांसाठी थांबायचं का?” हिशेबनिसाने विचारलं.

“साहेबांना अकरा वर्षं दिली मी. आता पुरे.”

बाईंनी टोपण काढलं, एक थेंब डाव्या मनगटावर घेतला, आणि हात टेबलावर उताणा ठेवला. चहा मुरायला ठेवतात तसा. किटलीवाल्या काकांनी सवयीने खिशातलं वाळूचं घड्याळ काढून उलटं केलं. मागच्या खुर्च्यांवरच्या बायका माना उंचावून बघू लागल्या. वाळू संपली. बाईंनी मनगट उचललं, नाकापाशी नेलं, डोळे मिटले.

धाकट्या बाईंनी त्या चेहऱ्याकडे आजवर हजारो पेल्यांनंतर पाहिलं होतं. कुठल्या पेल्याला भुवई किती वर जाते हे त्यांना पाठ होतं. आज भुवई हललीच नाही. बाईंनी डोळे उघडले आणि मनगट धाकट्या बाईंपुढे केलं.

“सांग.”

धाकट्या बाईंनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला.

“छान आहे.”

“काय म्हणालीस?”

“म्हणजे... छान.”

“काका, तुम्ही सांगा.”

“बाई, माझं काम पाणी उकळायचं,” काका मागे सरकत म्हणाले.

“हिशेबनीस?”

“मला सर्दी झालीय, बाई.”

“कधी?”

“आत्ताच.”

थोरल्या बाईंनी तिघांकडे पाहिलं, मनगट एकदा स्वतःच्या नाकाशी नेलं आणि कामावरच्या आवाजात म्हणाल्या, “ओलं पोतं.”

धाकट्या बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “बाटलीच खराब असणार! जुना माल गळ्यात मारलाय मेल्यांनी. बघा, मी लावते, म्हणजे कळेल.” त्यांनी बाटली ओढून घेतली आणि इतकी वर्षं जपलेल्या कोऱ्या मनगटावर भसकन ओतली. सगळे वाकले.

“नवी रबरी चप्पल,” थोरल्या बाई म्हणाल्या.

“काका, तुम्ही हात द्या,” धाकट्या बाई म्हणाल्या.

“अहो, मला कशाला? माझी बायको घरात घेणार नाही.”

“हात द्या!”

काकांच्या हातावर डांबराच्या गोळ्या निघाल्या, जुन्या कपाटातल्या. हिशेबनिसाची सर्दी तोवर बरी झाली होती. त्याने स्वतःहून मनगट पुढे केलं आणि त्यावर भांड्याला लागलेलं दूध निघालं. आता चार मनगटं, चार वास, आणि डोक्यावर गरगरणारा पंखा. मागच्या रांगेतल्या बायका पदर नाकाला लावून आणखी मागे सरकल्या. “गॅस तर नाही ना?” त्यांतली एक म्हणाली. “नाही गं, कुणाचंतरी दूध उतू गेलंय,” दुसरी म्हणाली, आणि एक जण खरोखरच कॅन्टीनकडे पळत गेली.

“मी परत जाते दुकानात,” धाकट्या बाई म्हणाल्या. “पावती आहे माझ्याकडे. बाटली बदलून आणते.”

“बस खाली,” थोरल्या बाई म्हणाल्या. “बाटलीला काही झालेलं नाही. एवढी वर्षं पत्ती चाखतेस आणि तुला कळत नाही? नदीच्या पाण्यात एक लागते, विहिरीच्या पाण्यात दुसरी. पत्ती तीच असते. पाणी वेगळं.” त्यांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, दुसऱ्याची वस्तू बघावी तसं. “माझं पाणी पोत्याचं निघालं.”

“मला दुकानात सांगत होती ती मुलगी, हातावर घ्या म्हणून. मीच शहाणी. तेव्हा एक थेंब घेतला असता तर...”

“तर तुझ्या हातावर चप्पल निघाली असती, आणि तू दुसरं काहीतरी आणलं असतंस. एखादी छत्री वगैरे.”

“आणि तुम्ही एकदा तरी सुट्टीत लावून बघितलं असतं, बाई. इतकी वर्षं कशाची वाट बघत बसलात!”

“हो ना,” थोरल्या बाई म्हणाल्या. मग मनगट पुसत, “कळलं असतं तर दुसऱ्या कशाची तरी वाट बघितली असती. काहीतरी लागतंच की माणसाला, सोमवारी उठायला.” त्यांनी बाटलीवरून अंगठा फिरवला. “मला वाटायचं, नोकरी तिची मी घेतली, पण वास तरी विकत मिळेल. नव्हता गं तो बाटलीत. ती घेऊन गेली बरोबर.”

हिशेबनिसाने बाटली उचलली, टोपण शोधू लागला, आणि तेवढ्यात दारातून साहेब आले. गोल, घामाघूम, हातात भाषणाची चळत.

“काय जळतंय?” साहेबांनी विचारलं.

इतक्या वर्षांच्या सवयीने हिशेबनिसाचा हात आपोआप पाठीमागे गेला. सेंट, आणि तोही इमारतीत. रिटायर बाई झाल्या होत्या, नियम झाला नव्हता.

“मागे काय लपवलंय?”

“काही नाही, साहेब.”

“दाखवा.”

“काही नाही हो, खरंच.” हिशेबनीस वळला. साहेब त्याच्याभोवती वळले. हिशेबनीस आणखी वळला, तो थेट किटली घेऊन येणाऱ्या काकांवर आदळला. काकांनी किटली वाचवली. बाटली कुणीच वाचवली नाही. ती हवेत एक कोलांटी खाऊन साहेबांच्या कॉलरवर उपडी झाली, छातीवरून घरंगळली आणि त्यांच्या भाषणावर येऊन थांबली. तळाशी बोटभर उरली होती.

धाकट्या बाईंनी मनातल्या मनात पाचव्या वासाची तयारी केली. साहेबांचा घाम, साहेबांचा स्वभाव आणि त्यात ही बाटली. काय निघेल, कुणी सांगावं?

“बसा,” साहेब दात आवळून म्हणाले. “समारंभ सुरू करू.” आणि थबथबलेल्या कॉलरनिशी थोरल्या बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसले, कारण खुर्च्या तशाच मांडल्या होत्या.

हिशेबनिसाने प्रास्ताविक केलं. ते चालू असताना थोरल्या बाईंनी एकदम मान वळवली. दाराकडे पाहिलं. मग मागच्या रांगांकडे. एकेक चेहरा बघत त्या अर्धवट उठल्या.

“काय झालं, बाई?” धाकट्या बाईंनी हळूच विचारलं.

“ती आली आहे,” थोरल्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता. “इथेच कुठेतरी आहे. तुला येत नाहीये? साल... साल येतंय बघ.”

धाकट्या बाईंनी श्वास घेतला. रबर, डांबर आणि करपलेलं दूध या सगळ्याच्या मधून, खरंच, कुणीतरी शेजारी बसून संत्रं सोलत होतं. मग ऊन लागलेली चादर आली. धाकट्या बाई थोरल्या बाईंच्या पाठीमागून वाकल्या, डावीकडे हुंगलं, उजवीकडे हुंगलं, आणि जिथे पोचल्या तिथे थांबून राहिल्या. तिथे साहेबांची ओली कॉलर होती.

दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

“नाही,” थोरल्या बाई म्हणाल्या.

“हो,” धाकट्या बाई म्हणाल्या.

“साऱ्या दुनियेत तिचं पाणी मिळायचं होतं, ते ह्यांना!”

“काही म्हणालात?” साहेबांनी विचारलं. ते भाषणाला उठत होते.

“बसूनच बोला ना, साहेब,” थोरल्या बाई घाईने म्हणाल्या. “इथेच. असे जवळ बसून. मला हल्ली कमी ऐकू येतं.”

साहेब चकित होऊन परत बसले. भाषणाची शाई पसरली होती, पहिली दोन पानं एकमेकांना चिकटली होती. त्या पानांवर, खात्यातल्या सर्वांनाच अंदाज होता, अकरा वर्षांच्या खिडक्या आणि पहिल्या दिवसाची ती आंघोळ सभ्य शब्दांत लिहिलेली होती. साहेबांनी ती सोडवायचा प्रयत्न केला, बाजूला ठेवली आणि मनाने बोलू लागले. थोरल्या बाई त्यांच्या खांद्याशी झुकल्या होत्या. डोळे मिटलेले होते. घड्याळाकडे लक्ष नव्हतं.

अशी श्रोती साहेबांना आयुष्यात मिळाली नव्हती. त्यांचा आवाज सैल झाला. बाईंचं नाक म्हणजे खात्याचं नाव, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, असं ते म्हणाले. ते मान्य करायला आपल्याला अकरा वर्षं लागली, असंही म्हणाले. मग थांबले.

“अजून,” थोरल्या बाई डोळे न उघडता म्हणाल्या. “अजून बोला ना.”

साहेबांना गहिवरून आलं. ते बोलत राहिले. पॅकिंगच्या बायकांनी दोनदा टाळ्या वाजवून बघितल्या, तरी बोलत राहिले. मग ऊन पायऱ्यांवरून उतरलं, काकांनी आणलेला चहा गार झाला, आणि कधीतरी तान्ह्या बाळाची टाळू आली असावी, कारण थोरल्या बाईंनी मांडीवरचा हात उलटा करून बाकावर कुणाच्या तरी हातात द्यावा तसा शेजारी ठेवला. साहेबांनी बोलता बोलता त्यावर आपला हात ठेवला. बाईंनी तो काढला नाही.

“अकरा वर्षांत तुम्ही मला आज प्रथमच ऐकून घेतलंत,” शेवटी साहेब रुमालाने नाक पुसत म्हणाले. “कसं झालं भाषण? खरं सांगा हं, तुमच्या पद्धतीने.”

थोरल्या बाईंनी साहेबांकडे नीट पाहिलं, त्या गोल, घामेजल्या, खुललेल्या चेहऱ्याकडे.

“छान,” त्या म्हणाल्या.

लोक पांगले. धाकट्या बाईंनी कागदाची फुलं पिशवीत घातली, थोरल्या बाईंनी बाटली उजेडात धरून तळाशी काय राहिलंय ते पाहिलं, घट्ट टोपण लावलं आणि साहेबांपुढे ठेवली.

“ही तुमच्याकडे राहू द्या.”

“मला? अहो, ही तुमची भेट.”

“माझ्यावर बसत नाही ती. तुमच्यावर बसते.”

साहेबांनी कॉलर ओढून हुंगली. “मला तर कसलाच वास येत नाहीये.”

“ज्याचा त्याला येत नाही.”

“पण मी लावणार कधी? उद्या सकाळी दारात ह्या उभ्या असणार.” साहेबांनी धाकट्या बाईंकडे बोट केलं.

एखाद्या दिवशी चालेल हो, असं धाकट्या बाईंच्या अगदी ओठांवर आलं. थोरल्या बाईंसाठी त्या तेवढं करायला तयार होत्या. पण थोरल्या बाई त्यांच्याकडेच बघत होत्या, पेल्याकडे बघावं तसं.

“मान कोरी लागेल, साहेब,” धाकट्या बाई म्हणाल्या.

थोरल्या बाईंनी मान डोलावली. समाधानाने डोलावली की दुःखाने, ते धाकट्या बाईंना त्या दिवशी सांगता आलं नाही, आणि पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

“तुम्ही रिटायर कधी होताय, साहेब?”

“मी? सहा वर्षं आहेत अजून.”

“सहा ना? थांबते मी. सवय आहे मला. त्या दिवशी हीच लावा, मी येऊन शेजारी बसते.” बाईंनी पिशवी खांद्याला लावली आणि चालू लागल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

“आणि भाषण जरा मोठं ठेवा.”